तलासरीहून आणलेलं ग्रिल

चहाचा कप हातात दिला की ते आधी तो उजेडाकडे धरायचे. मग कपाच्या कडेवरून बोट फिरवून ते बोट नाकाशी न्यायचे. एवढं झालं की कप तसाच टेबलावर ठेवून म्हणायचे, "नको. मी आतलं पाहिलंय."

आतलं म्हणजे हॉटेलांच्या भटारखान्यांमधलं. सरकारी नोकरीत ते अन्न निरीक्षक होते. डहाणूपासून तलासरीपर्यंत हायवेवरच्या हॉटेलांतल्या तेलाच्या कढया, फ्रिजचे तळ आणि पीठ मळायच्या परातींच्या मागच्या बाजू त्यांनी वाकून वाकून पाहिल्या होत्या. दोन हजार चौदा साली निवृत्त होऊन ते डहाणू रोडला आमच्या शेजारच्या बैठ्या घरात राहायला आले. मी इथल्या शाळेत शिक्षक, म्हणून ते मला सर म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचो. तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल, जो दारात आला की आपल्याला आपलंच घर कळकट वाटायला लागतं.

एकदा माझ्या बायकोने स्टेशनजवळच्या गाडीवरून पाणीपुरी बांधून आणली आणि शेजारधर्म म्हणून त्यांनाही बोलावलं. काका बसले, पुरी बोटांत फिरवून पाहिली, खाली ठेवली आणि अगदी शांतपणे सांगितलं, की असल्याच एका गाडीवरच्या मडक्यात त्यांना एकदा काय तरंगताना दिसलं होतं. काय ते मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात त्यानंतर कित्येक महिने पाणीपुरी आली नाही.

लग्नाकार्यात ते पंगतीला बसत नसत. घरून डबा नेत, आणि काकूंनाही तोच डबा खावा लागे. मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोघं पोळी-भाजी खाताना मी पाहिलं आहे. काकूंची नजर पंगतीकडे असायची.

काकू नरपडच्या. माहेरची चिकूची वाडी, आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. लहानपणापासून रोज ताजी मासळी खाऊन वाढलेल्या. काका देशावरचे, माशाचा वास त्यांना मुळातच सहन होत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकूंनी हौसेने बोंबील तळले, तर काका ताटावरून उठून मोरीत गेले आणि ओकले. "घरात ही घाण पुन्हा नको," एवढंच म्हणाले. त्या घरात त्यानंतर मासळी आली नाही.

हे मला काकूंनीच सांगितलं. दर रविवारी माझी बायको मासे तळायला घेई तेव्हा त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. खायच्या नाहीत. खाल्लं तर ह्यांना वास येईल, म्हणायच्या. तवा चुरचुरत असेपर्यंत गप्पा मारत बसायच्या आणि आम्ही पानं घेतली की उठून जायच्या. खरं सांगतो, अशा रविवारी मला काकांच्या स्वच्छतेचीच शिसारी यायची.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात काकूंचा दमा बळावला. फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. काकूंची अन्नावरची वासनाच उडाली. काकांची पेज, वरण, उकडलेल्या भाज्या, सगळं तसंच परत जायचं. मुलगी नाशिकहून येऊन दोन-चार दिवस राहून गेली, तिलाही काही जमलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या.

एका दुपारी काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"तिला बोय खायचीय," ते म्हणाले. "भाजलेली."

बोय ही आमच्याकडची खाडीतली मासळी. माझी बायको लगेच म्हणाली, मी भाजून आणून देते. काकांनी मान हलवली. ते त्यांनी काकूंना आधीच सुचवून पाहिलं होतं. काकूंनी सांगितलं होतं, दुसऱ्याच्या घरात आयुष्यभर वास घेतला, आता खाईन तर माझ्या घरात भाजलेली खाईन.

काकांनी घरच्या गॅसवर जाळी ठेवून प्रयत्नही केला होता. माशाची चरबी बर्नरवर ठिबकली, घरभर धूर झाला आणि काकू संध्याकाळपर्यंत खोकत राहिल्या. निखाऱ्यांचा तर विचारच नको. पण हॉटेलांत वरून आच देणारं गॅसचं ग्रिल असतं, हे काकांना माहीत होतं. ज्योत वर, मासा खाली, चरबी त्याखालच्या ट्रेमध्ये पडते, धूर जवळजवळ होत नाही. डहाणूच्या दुकानांत तसलं काही मिळत नव्हतं. मुंबईहून मागवायचं तर किती दिवस लागतील याचा नेम नव्हता, आणि थांबायला काकांचं मन तयार नव्हतं. तलासरीला हायवेवरचं एक हॉटेल बंद होऊन त्याचं सामान विकायला काढलं होतं. ते मला म्हणाले, सर, तुम्ही बरोबर या. मला एकट्याला ते जमणार नाही.

आम्ही ओळखीच्या माणसाचा छोटा टेम्पो घेऊन गेलो. हॉटेलच्या मागच्या पडवीत सामान रचलं होतं. मालकाने काकांना लगेच ओळखलं.

"साहेब, याच मशीनसाठी तुम्ही मला नोटीस दिली होती," तो हसून म्हणाला. "आता घरी नेता का?"

काका सरळ सामानाकडे गेले.

ते ग्रिल मी जवळ जाऊन पाहिलं. मूळ स्टीलचं असावं, पण स्टील कुठे दिसत नव्हतं. अंगावर तुपकट काळा थर बसला होता, बोट लावलं तर बोट चिकटत होतं. जाळीच्या गजांना कशाकशाचे जळके तुकडे लटकले होते. खवट तेल, कुजकं मांस आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा वास येत होता. मालक म्हणाला, चालू कंडिशनमध्ये आहे, मसाल्याचा वास तर राहणारच. काकांनी खालचा ट्रे ओढला. तो अर्ध्यावर अडकला, मग एकदम बाहेर आला. पिवळ्या गोठलेल्या चरबीत चिंध्यांचं घरटं होतं, आणि त्यात उंदराची मेलेली पिल्लं. झुरळं सैरावैरा काकांच्या बाह्यांवरून पळाली.

काका पडवीच्या टोकाला गेले आणि भिंतीला हात टेकून ओकले. मालक आणि त्याचा नोकर एकमेकांकडे बघून हसले. ज्या जाळीवरचं त्याने वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना खाऊ घातलं ती समोर पडलेली, आणि हसू येत होतं ते ओकणाऱ्या माणसाचं. असला हॉटेलवाला मला परत भेटू नये. काकांनी नळावर तोंड धुतलं, परत आले आणि म्हणाले, "टेम्पोत चढवा."

घरामागच्या अंगणात, काकूंच्या खोलीपासून लांबच्या कोपऱ्यात त्यांनी ते ठेवलं. तोंडाला काकूंच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधून कामाला लागले. कॉस्टिक सोडा, उकळतं पाणी, खरवडायला पत्रा. थर सुटायचा तो काळ्या शेंबडासारखा. गल्लीतली कुत्री कुंपणाशी येऊन बसली. पलीकडच्या घरातल्या बाईंनी तक्रार केली, की आमच्याकडे जेवण जात नाही. मी एक दिवस मदतीला गेलो, अर्ध्या तासात घरी आलो, आणि रात्री ताटावरून उठलो. काका दर थोड्या वेळाने उठत, कुंपणाशी वाकत, तोंड पुसत आणि पुन्हा उकिडवे बसत.

काकू खिडकीतून हे बघत असायच्या. मी भेटायला गेलो तेव्हा धापा टाकत म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या वासाला घाण म्हणाले होते. आता खरी घाण कळतेय." त्यांच्या बोलण्यात दया नव्हती. पण अंगणातून ओकारीचा आवाज आला तसं त्यांनी मला तांब्या दाखवला आणि पाणी नेऊन द्यायला सांगितलं.

हळूहळू खालून स्टील दिसायला लागलं. काकांनी बर्नरचं एकेक भोक सुईने मोकळं केलं. नळी, रेग्युलेटर, जाळी नवी आणली आणि गॅस दुरुस्तीवाल्याकडून सगळं तपासून घेतलं. पहिल्यांदा पेटवलं तेव्हा निळी ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली.

बोय आणायला ते स्वतः नरपडला गेले. ज्या माणसाने आयुष्यभर घरात मासळी येऊ दिली नाही, त्याने अंगणात बसून तिची खवलं काढली, पोट चिरून आतलं काढलं. कसं करायचं ते माझ्या बायकोने दुरून सांगितलं, पण काकांनी तिला हात लावू दिला नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मासे ग्रिलमध्ये ठेवले. चरबी ट्रेमध्ये टपटपत राहिली. धूर झाला नाही.

काकूंना खुर्चीवर बसवून ओसरीत आणलं होतं. त्यांनी काटे बाजूला करत एक बाजू पूर्ण खाल्ली. कितीतरी दिवसांनी त्यांना असं खाताना आम्ही पाहत होतो. मग एक तुकडा मोडून त्यांनी काकांपुढे धरला. काकांनी तो तोंडात घेतला. त्यांचे डोळे पाण्याने भरले, गळ्याची घाटी वर-खाली झाली, पण घास खाली गेला.

"कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"घाण आहे," काका म्हणाले.

काकू हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, तरी हसायच्या थांबेनात. आम्हालाही हसू आवरेना. काका मात्र गंभीरपणे पाण्याचे घोट घेत होते.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी काकू गेल्या. तोवर जेव्हा जेव्हा त्यांना भूक लागली, तेव्हा तेव्हा काकांनी ग्रिल पेटवलं. दोन हजार एकोणीस साली मुलीने त्यांना नाशिकला नेलं. जाताना ग्रिल आम्हाला देऊन गेले. मधूनमधून फोन करायचे. एकदा बोलता बोलता मी विचारलं, की नाशिकला बोय मिळते का?

"मिळत असेल," ते म्हणाले. "पण मुलगी घरात मासळी आणू देत नाही. वास येतो म्हणते."

मुलीशी मी बोलून पाहू का, असं मी विचारलं.

"तिचं काय चुकलं," काका म्हणाले. "माझ्याच घरात वाढली ना ती."

सुट्टीत इकडे या, खाडीची ताजी मासळी भाजू, असं मी म्हटलं. येतो म्हणाले. त्यांना यायला जमलं नाही. आता त्या घरात दुसरं कुटुंब राहतं, आणि काकांनी ग्रिल घासलं होतं त्या अंगणाच्या कोपऱ्यात नव्या लोकांनी शेवगा लावलाय.