काचेला न कळलेलं बोट

बाइंडरकाकांनी पन्नास वर्षं पुस्तकं बांधली. शाळेच्या वह्या, कचेऱ्यांची दप्तरं, पानं निसटलेले जाडजूड ग्रंथ, जे येईल ते. खळीने, दोऱ्याने आणि पुठ्ठ्याने त्यांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत नि टणक झाली होती की उकळत्या चहाचा पेला ते सहज उचलायचे आणि बघणाऱ्यालाच चटका बसायचा. या बोटांचा त्यांना भारी अभिमान. फोनशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. काचेवर कितीही दाबा, फोन ढिम्म. "बाबा, तुमच्या बोटांचा पुठ्ठा झालाय," असं म्हणत लेक दर रविवारी यायची आणि स्वतःच्या बोटाने त्यांचे फोन लावून द्यायची.

बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढायला स्टुलावर चढले आणि पडले. हाड शाबूत राहिलं, सूजही उतरली. आता इस्पितळातून सोडायचं, पण खोलीवर एकट्याला सोडायचं की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं. काकांचा जीव त्या खोलीत. आणि हे ठरवणार होता एक टॅब!

टॅब घेऊन आलेली इस्पितळातली मुलगी गोड बोलायची. "आजोबा, खेळच समजा. मी पाच शब्द सांगते, ते लक्षात ठेवायचे आणि मग चित्रांवर बोट ठेवायचं. तोंडी उत्तर चालत नाही, आणि मला मदतही करता येत नाही हं."

दार, लिंबू, पूल, घोडा, चष्मा. काकांनी शब्द मनात पक्के शिवून घेतले. चित्रं आली. त्यांनी लिंबावर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं, जोर लावला. कोपऱ्यात सेकंद पळत होते. चित्रं गेली, दुसरा प्रश्न आला. घेतलं वाटतं उत्तर, काका मनात म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांना शंका आली.

"अगं, हे घेतंय ना?"

"सावकाश, आजोबा," मुलगी म्हणाली. म्हातारे अडखळतात हे तिला नवीन नव्हतं, दिवसाला दहा जण बघायची. मध्येच एखादं चित्र कसंबसं लागलं, बाकी काच ढिम्मच.

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती पलंगाशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने बाबांचं काचेवर घासणारं बोट पाहिलं, मान खाली घातली आणि पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. शहाणी माझी पोर, नियम मोडत नाही, असं काकांना वाटलं. भोळा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले. तीसपैकी सहा. एकट्याने राहणं धोक्याचं. लेक म्हणाली, "बाबा, एक वृद्धाश्रम आहे. हवेशीर आहे, मी बघून ठेवलाय."

सहा? म्हणजे आपण खरंच कामातून गेलो? दुपारभर काका भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिले. दार, लिंबू, पूल, घोडा, चष्मा. प्रत्येक वेळी पाचही शब्द यायचे, आणि यायचे म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटायची. वेड्याला आपण वेडे आहोत हे कुठे कळतं?

चार वाजता तीच मुलगी आली. आश्रमात जाण्याच्या संमतीचा कागदही टॅबवरच होता. "इथे बोट ठेवा, आजोबा."

काकांनी मुकाट्याने ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं.

"त्यांचं बोट लागत नाही हो," लेक पटकन पुढे झाली. "फोनवरही लागत नाही. नेहमी मीच करते." आणि बोट पुढे करून ती तशीच थबकली.

टॅबवाली मुलगी चपापली. "मग काल का नाही बोललात? काल यांनी सगळं..."

लेकीने बोट मागे घेतलं. काका तिच्याकडे बघत होते. पडल्याचं दुखणं ज्यापुढे काहीच नव्हतं, असं काहीतरी छातीत दुखलं.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"बाबा, मी थकले हो. घर, नोकरी आणि तुम्ही. फोन वाजला की वाटतं, पडलेच."

"थकलीस तर थकले म्हणायचं. मी ऐकलं असतं. दुपारभर मला वाटत होतं माझं डोकं गेलं. ते तू वाटू दिलंस!"

टॅबवाल्या मुलीने चाचणी पुन्हा घेतली. या वेळी त्यांच्या हातात रबरी टोकाचं पेन दिलं. काकांनी ते पुठ्ठ्याला भोकं पाडायच्या टोच्यासारखं धरलं आणि प्रत्येक चित्र अचूक टिपलं. तीसपैकी सत्तावीस.

"खोलीवर जा खुशाल," मुलगी हसून म्हणाली. "फक्त शेवटचा रकाना राहिलाय. अडीअडचणीला कुणाला कळवायचं? नंबर सांगा."

काका दुसरा कुणाचा नंबर आठवतो का, ते शोधत होते. मग त्यांनी पाठ असलेला एकमेव नंबर दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितला, आणि पलंगाशेजारी बसलेली लेक रडायला लागली.