फिओनानं तेल घातलं होतं

हे मी मिलिंदलाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, एकमेकांचे पासवर्डसुद्धा पाठ — पण हे नाही. कोल्हापूरला आईला नाही, ब्रॅकनेलच्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आधीच सांगून ठेवते — मी रडणार नाहीये. रडकी कबुली हवी असेल तर दुसरीकडे बघा.

सुरुवात अभिमानापासून करते, कारण तो अजून शिल्लक आहे.

आम्ही आधी इंग्लंडात, ब्रॅकनेलला राहायचो. मिलिंदचं ऑफिस तिथं, आणि मी मेकॅनिकल इंजिनियर असून दिवसभर स्प्रेडशीट भरायचे. मग त्याचं काम कायमचं घरून सुरू झालं आणि आम्ही स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका गावात राहायला आलो. गावाच्या वर छोटं स्की सेंटर आहे. तिथल्या वर्कशॉपला मेकॅनिक हवा होता. मी गेले. ग्रेगर म्हणजे तिथला मॅनेजर. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि विचारलं, "घरात कुणाला इंजिनांची आवड आहे का?"

"आहे. मला," म्हटलं.

आहेच. कॉलेजात असताना मी काकांच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा सायलेन्सर कापला होता. नुसती पुंगळी काढून आवाज करत फिरणारी पोरं आमच्याकडे गल्लोगल्ली होती. मी आतला आकारच बदलला, परत वेल्डिंग केलं, आणि त्याच पोरांना रंकाळ्याच्या रस्त्यावर मागं टाकलं. पुढच्याच आठवड्यात पिस्टन जाम झाला, काकांनी घर डोक्यावर घेतलं — हेही सांगून टाकते. म्हणजे असं केलं तर काय होतं, हे मला तेव्हापासून माहीत होतं. अजाण होते असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

तर — वर्कशॉपमध्ये एक जुनी स्नोमोबाईल होती. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, टू-स्ट्रोक इंजिन. डोंगरावर कुणी पडून जखमी झालं, की हिच्या मागं स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, जोडून त्याला खाली आणायचं. पण भरलेली स्लेज घेऊन चढ लागला की ती धापा टाकायची. मी ग्रेगरला म्हटलं, एग्झॉस्टवर, म्हणजे धुराच्या नळीवर, काम केलं तर ताकद वाढेल. तो हसला. वाईट हसला असंही नाही. "तू प्लग बदल, वैश. बाकीचं कंपनीनं विचार करूनच बनवलेलं असतं."

प्लग बदल!

तो सुट्टीवर गेला त्या आठवड्यात मी सायलेन्सर उघडला. आतल्या जाळ्या काढल्या, रस्ता मोकळा केला, नळी नव्या मापानं बसवली आणि बाहेरून असा बंद केला की वेल्ड शोधून सापडू नये. आवाज थोडा वाढला. कुणी विचारलं तर म्हणायचे, जुना झालाय, गंजलाय. आणि सांगू? ती चढली. वरच्या चढावर, जिथं ती नेहमी मान टाकायची, तिथं ती सरळ वर गेली, आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच ओरडले. त्या क्षणाचा पश्चात्ताप मला आजही नाही. का असावा? काम चांगलं होतं.

अर्धं होतं — हे मात्र खरं.

इंजिनाचा धूर मोकळा सोडला की ते हवा जास्त ओढतं. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त लागतं. ते येतं जेट नावाच्या पितळी तुकड्याच्या बारीक भोकातून. भोक तेवढंच राहिलं, तर इंजिन आतून तापत जातं, आणि लांबच्या चढावर पिस्टन वितळतो. मोठं जेट मी मागवलं होतं, पार्सल यायचं होतं. तोवर मशीनवर एक पाटी लावायची — 'वापरू नका'. इतकंच. पण पाटी लावली तर ग्रेगर विचारणार, का? मी पाटी लावली नाही.

आता फिओना.

तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मी दुसरंच काहीतरी सांगत बसते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. फिओना स्की पॅट्रोलमध्ये होती — जखमींना उतरवणाऱ्या टीममध्ये. साठीला टेकलेली, उंच, मोठ्यानं बोलणारी. आम्ही गावात आलो तेव्हा पहिलं दार तिनं वाजवलं, हातात मसुराच्या सुपाचं भांडं घेऊन. बर्फात गाडी कशी चालवायची, ब्रेकला कधी हात लावायचा नाही — मला तिनं शिकवलं. तिची आई शेवटी शेवटी तिला ओळखत नव्हती. किल्ली कुठं ठेवली हे विसरली की फिओना हसून म्हणायची, "झालं, आता माझा नंबर." हसायची, पण तिचे डोळे हसत नसत. हे मला दिसायचं. म्हणजे तेही मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी तिनं माझ्यासमोर त्या स्नोमोबाईलची टाकी भरली. टू-स्ट्रोकला पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन जाम होऊन इंजिन बंद पडतं. तिनं मापात तेल ओतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, टाकीत घातलं, वर पेट्रोल भरलं. हे सगळं करताना ती मला तिच्या शेजाऱ्याच्या बकरीची गोष्ट सांगत होती आणि मी हसत होते. मी पाहिलं. या दोन डोळ्यांनी.

दुपारी कड्यापलीकडच्या खोलगट भागात एका माणसाचा पाय मोडला. फिओना गेली, त्याला स्लेजवर बांधलं, आणि तो लांबचा चढ चढायला लागली. माथा जवळ आला आणि इंजिन बंद पडलं. धुकं उतरलं होतं, वारा होता. आम्ही स्ट्रेचर घेऊन चालत गेलो. वाट सापडेना. पोचलो तेव्हा फिओनाचं जॅकेट त्या माणसाच्या अंगावर होतं आणि ती नुसत्या स्वेटरवर त्याच्या वाऱ्याच्या बाजूला आडवी पडून त्याच्याशी बोलत होती, झोपू नको, झोपू नको म्हणून. माणूस वाचला. पायही बरा झाला. फिओनाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना थंडीत अजून काही कळत नाही.

मशीन खाली आणलं. उघडणार कोण? मीच. पिस्टनचा माथा कडेला वितळलेला — तेल नाही, पेट्रोल कमी पडलं, हे या धंद्यातल्या कुणालाही एका नजरेत कळलं असतं. टाकीतलं पेट्रोल निळसर होतं, तेल मिसळलेलं. ते मी ओतून टाकलं. आधी ओतलं, मग ग्रेगरला बोलावलं.

"काय झालं?"

"तेल नव्हतं," मी म्हटलं.

घाबरून बोलले असेन? तसं म्हणणं सोपं आहे. नाही — मी शांत होते. माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं: तो हसणार. 'म्हटलं होतं ना, तू प्लग बदल.' त्या एका हसण्यासाठी मी ते बोलले. आणि तुम्ही म्हणाल, परका देश, बाईमाणूस, कातडीचा रंग वेगळा, दबाव असणारच. ही सबब मला देऊ नका. या गावानं मला वाईट वागवलेलं नाही. सूप घेऊन आलेल्या बाईनं तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये आली. बोटांना पट्टी. "वैश, तू होतीस ना तिथं? मी तेल घातलं का?"

यासाठीच मी इतकं गोल गोल फिरत होते. इथं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर.

"माझं लक्ष नव्हतं गं," मी म्हटलं.

तिनं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मला वाटतंय घातलं. पण मला वाटून काय उपयोग? आईलाही वाटायचंच."

आणि मी — हे ऐका — मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "होतं असं कधीकधी."

तिला कुणी काढलं नाही. तिनं स्वतःच सोडलं. डॉक्टरकडे गेली, त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्मरणशक्ती ठणठणीत आहे. तिचा विश्वास बसला नाही. गाडी विकली. आता दुकानात बसनं जाते. घरातून निघताना फोनवर शेगडीच्या बंद बटणांचा फोटो काढते, आणि बसमध्ये तो उघडून उघडून बघते. मी शेजारी बसलेली असते.

माझं काय झालं? चांगलं झालं. अपघातानंतर सेंटरनं नवी स्नोमोबाईल घेतली, कुठली घ्यायची ते ग्रेगरनं मला विचारलं. आता वर्कशॉप माझ्याकडे आहे. तो नवीन पोरांना सांगतो, इंजिनाबद्दल वैश बोलली की शेवटचं. जुना सायलेन्सर मी भंगारात दिला. देण्याआधी वेल्डवरून एकदा बोट फिरवलं. सुरेख होता. पुन्हा सायलेन्सर उघडीन का? उघडीन. पाटीही लावीन. पण फिओनाला खरं सांगीन का — यावर मी तुमच्यापुढं काही वचन देणार नाही. सांगायचं असतं तर सांगितलं असतं.

गेल्या महिन्यात तिनं मला चहाला बोलावलं. बिस्किटं काढली, मग टेबलावरून एक किल्ली माझ्याकडे सरकवली. घराची. म्हणाली, पुढं काही झालं, मी कुठं हरवले, दार उघडायला विसरले, तर कुणीतरी हवं. बहिणीला का नाही दिली, मी विचारलं.

"बाकी सगळे माझं मन राखायला म्हणाले, तू घातलंच असशील तेल," ती म्हणाली. "तू एकटी खोटं बोलली नाहीस."

मी किल्ली घेतली. चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि घरी आले.