सहाव्या नंबरावर कोण

नातीनं कागदावर काही लिहून तो उलटा ठेवला, की मला शंका येते. या दिवाळीच्या सुट्टीत थोरलीनं एक कागद असाच उलटा ठेवला होता, आणि उडू नये म्हणून वर माझाच फोन ठेवला होता. वारा तर नव्हता.

थोरली म्हणजे गुलबर्ग्याच्या मुलाची मुलगी, नववीत शिकते. धाकटी दुसऱ्या मुलाची, चौथीतली, ती इथं संतपूरला माझ्याजवळच असते. माझ्या फोनमध्ये त्यांचा एक खेळ आहे. रानावनात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. पोरी त्यांना मॉन्स्टर म्हणतात. मी जनावरं म्हणते. पाळायचं, खायला घालायचं, आजारी पडलं की औषध द्यायचं, मग दुसरं काय म्हणायचं?

सोबत सहाच जनावरं नेता येतात. धाकटी वर्षभर हा खेळ एकटीच खेळत होती, आणि तिचं अगदी पहिलं जनावर म्हणजे एक गोगलगाय. पाठीवर शंखाऐवजी पाण्याचं डबकं. थोरलीनं सुट्टीत आल्याआल्या विजेच्या पट्ट्यांचा वाघ पकडला. आणि सहातला एक बोकड माझा. तो मी पकडला नाही, पकडला गेला. मुलाचा फोन आला म्हणून घाईनं बोट दाबलं, तर फोन राहिला बाजूला आणि बोकड जाळ्यात. शिंगांना पानं आहेत त्याच्या. मला आवडतो.

तर थोरलीनं फोन उचलला, कागद उलटला आणि आम्हा दोघींना समोर बसवलं.

"माझी गुलबर्ग्याची मैत्रीण आगीचा गरुड द्यायलीय. बदल्यात आपलं एक द्यायचं. मी सगळ्यांना गुण दिलेत. सहाव्या नंबरचं जाईल."

"परत मागता येतंय का?" मी विचारलं.

"न्हाई आज्जी. एकदा दिलं की दिलं."

कागदावर पहिला वाघ होता. सहावी गोगलगाय. बोकड पाचवा.

धाकटी रडायला लागली. खरं सांगते, तिच्या रडण्याचीही मला शंका आली. भिंतीकडं बघून रडली असती तर लगेच विश्वास ठेवला असता, पण ही माझ्याकडं बघून रडत होती, आणि मधेच थांबून माझ्या चेहऱ्यावर काय होतंय ते पाहत होती. माझी मलाही शंका होती. दुपारी माझे पाय धाकटीच चेपते. शिवाय माझा बोकड पाचवा लागल्यानं मला मनातून बरंच वाटलं होतं.

"गुण कशावर दिलेस?" मी थोरलीला विचारलं.

"ताकदीवर. वाघाचा फटका बघ, आणि हिचा बघ."

"वाघाची लेव्हल किती?"

"चाळीस. पकडला तवाच मोठा व्हता."

"आन् गोगलगायीची?"

थोरली खिडकीबाहेर तुरीकडं बघायला लागली. "बावीस."

हा कावा मी ओळखते. ओळखणारच, कारण तो मीच केलेला आहे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. सातवी पास झाले होते, आणि ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचे. माहेरहून, मेहकरहून, बापानं माझ्यासोबत एक म्हैस दिली होती. गोठ्यात सासूबाईंची एक म्हैस आधीपासून होती. चारा एकीलाच पुरेल असं ते वर्ष, त्यामुळं कुठली ठेवायची हा प्रश्न आला. मी सासऱ्यांना म्हणाले, "अप्पा, मोजून ठरवू. अंदाजानं कामून ठरवायचं?" पंधरा दिवस दोन्ही वेळचं दूध मापानं मोजलं आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. माझ्या म्हशीच्या रेघा दुप्पट झाल्या. सासरे खूश. सून शिकलेली आहे, हे त्यांनी चार घरी सांगितलं.

एक गोष्ट त्या भिंतीवर मी लिहिली नव्हती. माझी म्हैस महिन्यापूर्वीच व्याली होती. सासूबाईंची म्हैस व्याल्याला आठ महिने झाले होते, तिचं दूध आटत आलेलं. ताज्या व्यालेलीच्या शेजारी आटत आलेली बांधून मी मोजत होते, आणि वर कोळशाचे हात धुताना स्वतःच्या हुशारीवर हसत होते. अशी ती मी. आज भेटली तर वेणी धरून उभी करीन.

सासूबाईंची म्हैस घ्यायला जो व्यापारी आला, त्यानं तिला शंभर नावं ठेवली. शिंग वाकडं, चाल मंद, कासेत जीव नाही. पण बोलता बोलता त्याचा हात तिच्या पाठीवरून हटला नाही. पुढं कळलं, त्यानं ती बाजारात नेलीच नाही, स्वतःच्या दारात बांधली. ती कुणाच्याही हाताला दूध द्यायची. माझी लाडकी मात्र माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती. मला ताप आला त्या आठवड्यात घरात कोरा चहा झाला, आणि सासूबाई प्रत्येक घोटाला नुसतं "हं" म्हणत होत्या.

म्हणून मी थोरलीला म्हणाले, "असली जागा न्हाई का या खेळात, जिथं सगळ्यांची लेव्हल सारखी व्हते?"

ती हळूच म्हणाली, "हाय. सरावाचा आखाडा. तिथं सगळे तीसचे होतात."

"आधी कामून बोलली न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

धाकटीचं रडणं तिथल्या तिथं बंद झालं. "अक्का, तुला ठाऊक व्हतं?"

"तुला ठाऊक नव्हतं, त्यात माझी काय चूक? वर्षभर काय करायलीस तू यात?"

मी नवा कागद घेतला. आधी नियम, मग झुंज, आणि नियम पेननं, असं बजावलं. पेन्सिलीवर माझा विश्वास नाही. सहाही जनावरं आखाड्यात उतरवायची. प्रत्येकाच्या समोर तेच तीन शत्रू, एक आगीचा, एक पाण्याचा, एक दगडाचा. मधे कुणाला औषध नाही, गोळ्या नाहीत. नुसता फटका मोजायचा नाही, किती वेळ उभं राहिलं तेही मोजायचं, आणि बाकीच्यांच्या उपयोगी पडलं का तेही.

"आन् सगळ्यात आधीपासून कोण सोबत हाय, ते?" धाकटीनं विचारलं.

"त्याचे गुण न्हाईत," थोरली म्हणाली. "जुनं म्हणून काय झालं? पुढच्या झुंजीत काय करतंय ते बघायचं."

हे बरोबर होतं. मला ते बरोबर वाटलं म्हणून मी तिच्याकडं पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. पण चेहऱ्यावर काही सापडलं नाही. नियम लिहिला. शेवटी गुण देणाऱ्याचा नियम. ज्याचं जनावर त्यानं गुण द्यायचे नाहीत. धाकटीच्या जनावरांना थोरली देईल, थोरलीच्यांना धाकटी, माझ्या बोकडाला दोघी.

दोन दुपारी गेल्या. वाघ खरोखरच चांगला निघाला, तिन्ही शत्रू झोपवले. धाकटीनं त्याला गुण देताना ओठ चावले, पण पूर्ण दिले. गोगलगाय कुणालाच लवकर पाडत नव्हती, पण स्वतःही पडत नव्हती. आगीच्या शत्रूनं ओकून ओकून आपला दम घालवला आणि ही डबकं हलवत तिथंच. वर तिच्या डबक्यातलं पाणी पिऊन बाजूचं आपलं जखमी जनावर बरं होतं, हे थोरलीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"ही असली हाय होय?" ती स्वतःशीच म्हणाली. का मला ऐकू जावं म्हणून म्हणाली? सांगता येत नाही.

गोगलगाय तिसरी आली.

माझा बोकड आखाड्यात उतरला, दोन घास गवत खाल्लं आणि झोपला. दगडाच्या शत्रूसमोर झोपला, पाण्याच्या समोर झोपला, आगीच्या समोर झोपेतच भाजला. दोघी पोटं धरून हसत होत्या.

"त्याला सवय न्हाई," मी म्हणाले. "उशिरा आलाय तो. उशिरा आलेल्याला थोडी सवलत पाहिजे. एक नियम राहिला बघा लिहायचा."

"आज्जी," धाकटी म्हणाली, "पेननं लिहिलंय."

मी कागद परत मागितला, नुसता बघायला म्हणून. थोरलीनं दिला नाही.

तर सहाव्या नंबरावर बोकड. नियम माझे, अक्षर माझं, आणि जनावरही माझं. मी म्हणाले, घ्या, पाठवा. म्हणताना बोकडाच्या शिंगांवरून एकदा बोट फिरवलं, हसू नका. थोरलीनं खेळातूनच मैत्रिणीला निरोप धाडला, की गरुडाच्या बदल्यात बोकड देतो. उत्तर लगेच आलं आणि तिनं ते मोठ्यांदा वाचलं.

"बोकड नको. मला गोगलगायच पाहिजे."

म्हणजे या मैत्रिणीचाही हात पाठीवरून हटत नव्हता.

"तिला कामून पाहिजे असली मंद गोगलगाय?" मी विचारलं. "आन् गोगलगायच सहावी येणार म्हणून तिला आधीच कुणी सांगितलं?"

थोरलीचे कान लाल झाले. "मी न्हाई सांगितलं आज्जी. शप्पत."

शपथा मीही पुष्कळ घेतल्या आहेत. पण तो निरोप ती गपचूप पुसू शकली असती, आणि तिनं तो वाचून दाखवला, हेही होतंच. दोन्ही गोष्टी मी एकमेकींसमोर ठेवून पाहिल्या. मेळ जमेना.

या वेळी धाकटी रडली नाही. नुसती थोरलीच्या अंगठ्याकडं बघत राहिली. तो अंगठा बराच वेळ अधांतरी होता. मग टकटक आवाज झाला.

"काय लिहिलंस? दाखव."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. लिहिलं होतं, 'न्हाई. ती आमच्यात तिसरी हाय.'

धाकटीनं थोरलीला मिठी मारली नाही, तसलं काही आमच्यात होत नाही. "अक्का, पुढची झुंज तू खेळ," एवढंच म्हणाली आणि सरकून तिला जागा दिली.

फोन मात्र अजून माझ्या हातात होता. त्या उत्तराच्या वर त्या दोघी मैत्रिणींचे आधीचे सगळे निरोप होते, आठवडाभराचे. बोटानं जरा वर सरकवलं असतं, की कोणाला काय ठाऊक होतं ते मला कळलं असतं. बोट तिथंच होतं.

मी फोन थोरलीच्या हातात दिला. म्हटलं, माझ्या बोकडालाही उतरव एखाद्या वेळी, झोपला तर झोपला.

ते निरोप अजून वाचलेले नाहीत. फोन माझाच आहे, जातो कुठं.