बर्फात त्याला मी थांबवलं

माझा पुतण्या नौदलातून निवृत्त झाला आणि उत्तरेकडच्या एका देशात बंदराची राखण करायला गेला. तिथे यादवी चालू होती. महिनाभरात त्याला परदेशी मरीन सैनिकांच्या तुकडीत घालून आघाडीवर पाठवलं. कोण कुणाशी लढतंय, हे त्यालाही नीट कळलं नाही. दोन्हीकडचे एकाच भाषेत शिव्या देतात, एवढं त्याने कळवलं.

बातमी येताच मी वरूडच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यात शुभेच्छुकाचा, म्हणजे माझा, फोटो त्याच्यापेक्षा थोडा मोठा आला.

मग एका दुपारी त्याचा फोन आला.

"मोठे बाबा, या बर्फात बुटात पाय हाये का नाई, तेच समजून नाई राह्यलं. आज ट्रक बंदराकडे चालला. ज्याले जायचं त्याले सोडून राह्यले. येऊ का?"

आमच्या घरात थोरल्याला विचारल्याशिवाय कुणी बैलही विकत नाही.

"चिखलदऱ्यात नाई का राह्यलो आपण हिवाळ्यात?" मी म्हणालो. "अन् आताच आला तर लोकायले काय सांगू? फ्लेक्स तरी उतरू दे."

"बरं," तो म्हणाला.

तो परतला तेव्हा उजव्या पायाला बोटं नव्हती. सत्कार झाला. बाकीचे ट्रकमध्ये बसून निघाले, पण आमचा वाघ हटला नाही, असं मी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याची बायको पहिल्या रांगेत होती. येता येत असून हा आला नाही, हे तिला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला माहेरी गेली. मी थांबवलं होतं, हे त्याने तिला सांगितलं नाही. थोरल्याचं नाव कसं घेणार?

परवा मी अकोल्याला जाऊन तिला सांगितलं, तो निघाला होता, मी थांबवलं.

"अन् वरून भाषन देल्लं, मामाजी?"

"देल्लं."

"चांगलं देल्लं. मले बी रडू आलं होतं."

मी म्हणालो, आता घरी चल.

"तुमच्या सांगन्यावरून आता मी कुठंच जात नाई. त्यायच्याशी मी फोनवर बोलते. तुमी बाहेर बसा."

मी ओट्यावर बसलो. आतून बराच वेळ तिचाच आवाज येत होता. ती भांडत होती की रडत होती, ते बाहेरून कळेना. आत जाऊन विचारलं नाही.