दहा दिवसांचं सुतक

लोखंडी कपाट माझ्या खोलीत होतं, पण माझं नव्हतं. त्यात धायरीच्या मळ्याचा दावा राहायचा. मी कॉलेजात शिकवते. माझी पुस्तकं पलंगाखाली खोक्यांत कोंबलेली आणि दावा मात्र चार खणांत ऐसपैस.

मळा पणजोबांचा. विहीर, आंब्याची झाडं, बारा एकर जमीन. पणजोबांना दोन बायका. पहिलीचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. दुसरीच्या मुलानं मळ्यात वाटा मागितला, तेव्हा आजोबांनी कोर्टात सांगितलं, तिच्याशी लग्न झालंच नव्हतं, सबब ती माणसं आमची कोणी नाहीत. आजोबांच्या मागे बाबांनी तेच शपथेवर सांगितलं. धायरीचं शहर झालं, मळ्याच्या चारी बाजूंना इमारती उठल्या आणि मधोमध आमची विहीर गवतात बुडाली. तिचं पाणी ना आम्हाला मिळालं, ना त्यांना. ‘माझ्यानंतर तू चालवायचंस,’ असं बाबा मला म्हणायचे, चालू दुकान हाती द्यावं तसं. मी मान डोलवायचे. त्या कपाटाची मला भीती वाटायची, हे कधी बोलले नाही.

मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही मंडईजवळ मूर्ती आणायला गेलो. बाबांनी टोपी घातली, मूर्ती पाटावर घेतली. मी वरून रुमाल घालत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मूर्ती फळीवर टेकवून त्यांनी तो घेतला. धायरीतले एक ओळखीचे गृहस्थ होते आणि त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

‘तुमच्या त्या घरातले थोरले गेले बरं का सकाळी.’

थोरले म्हणजे दुसऱ्या पणजीचे नातू, दाव्यातले समोरचे. बाबांनी फोन खिशात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, ‘मूर्ती नेता येणार नाही. सुतक आलंय.’

‘मग जरा बाजूला उभे राहा,’ दुकानदार म्हणाला आणि त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला हात केला. आमच्या पुण्यात दुःखसुद्धा रांग सोडून करावं लागतं.

बाबा बाजूला झाले. आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात यायला दोन मिनिटं लागली. सुतक येतं ते आपल्या कुळातलं माणूस गेलं तर. जी आपली कोणी नाहीत असं आयुष्यभर शपथेवर सांगितलं, त्यांचं कसलं सुतक? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाची घडी करत राहिले.

घरी आईनं नारळ खोवून ठेवला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘अहो, पण ती माणसं आपली कोणी नाहीत ना? लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच ऐकतेय.’

बाबांनी देवघराचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी होऊन वकिलांना फोन करून सांगितलं. वकील भडकलेच. ‘सुतकबितक काही पाळू नका! गणपती बसवा, फोटो काढून ठेवा. उद्या हे कोर्टात निघालं तर आपला दावा संपला.’

‘कोर्टातलं कोर्टात,’ बाबा म्हणाले. ‘सुतकात गणपती कसा बसवू?’ आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मला आनंद झाला. एक माणूस गेलेलं असताना आनंद होतोय, याची लाजही वाटली. तरी झाला तो झालाच. पण बाबांचा काय भरवसा? पुढचे आठ-नऊ दिवस शेजारच्या आरत्या ऐकताना मला रोज धास्ती वाटे, की आज यांचं मन फिरणार आणि कपाट पुन्हा माझ्या गळ्यात पडणार. एकदा आरती ऐकता ऐकता बाबा आपणहून म्हणाले, ‘मला पोहायला त्यानं शिकवलं. आपल्याच विहिरीत. कमरेला भोपळा बांधून ढकलून दिलंन्.’ त्यांच्या तोंडून दाव्यापलीकडचा मळा मी पहिल्यांदाच ऐकला.

दहाव्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘स्कूटर काढ.’

धायरीच्या लोकांचे दिवस होतात त्या घाटावर गेलो. गेलेल्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला मी आजवर कोर्टाच्या व्हरांड्यातच पाहिलं होतं, तेही तोंड फिरवून. कुणी ‘या’ म्हणेना, कुणी ‘जा’ म्हणेना. बाबा सरळ जाऊन न्हाव्यापुढे बसले. न्हाव्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं वस्तरा काढत विचारलं, ‘मयताचे तुमी कोण?’

‘भाऊ,’ बाबा म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘धाकटा भाऊ.’

वस्तरा फिरला. डोकं झाल्यावर तो मुलगा तांब्या घेऊन जवळ आला. ‘काका, पाणी गार हाय. चालंल का?’

‘ओत,’ बाबा म्हणाले. त्यानं स्वतःच्या हातानं ओतलं. मी पायरीवर बसून रडले, आणि ते रडणं सुटल्याचं होतं.

दिवाळीनंतर तडजोड झाली, निम्मं-निम्मं. दोन्ही वकील नाराज होते. पण माझ्या लेखी तो दावा संपला त्या दहाव्या दिवशी, घाटावरून घरी परतताना. टक्कल केल्यामुळे बाबांचं हेल्मेट सैल झालं होतं. स्कूटर हादरली की ते डोळ्यांवर यायचं आणि ते वैतागायचे. सिंहगड रस्त्याच्या एका सिग्नलला थांबलो असताना ते मागून म्हणाले, ‘ते कपाट रिकामं करू. तुझी पुस्तकं लाव त्यात.’

सिग्नल हिरवा झाला तरी मी तशीच उभी. मागून हॉर्नवर हॉर्न सुरू झाले.

‘अगं, चल,’ बाबा हेल्मेट सावरत म्हणाले, ‘मागचे काही आपल्या भावकीतले नाहीत, इतकी वर्षं थांबायला.’