दाभणमामांची मधली सोळा पानं

...तर साडूच्या पुस्तकाचे छापील ताव हातगाडीवरून उतरले आणि दाभणमामांच्या पोटात दुखायला लागलं, इथवर काल आलो होतो. मध्येच चहा आला आणि गोष्ट तशीच लटकत राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, मग मामांना जास्त ताटकळत ठेवत नाही.

दाभणमामा म्हणजे बाइंडर. दाभण हे त्यांचं हत्यार, आणि बोलणंही त्याच धाटणीचं, टोचून आरपार जाणारं. म्हणून हे नाव पडलं. सगळी मंडळी त्यांना मामा म्हणायची. मंडळी म्हणजे चर्चची मंडळी, मामा त्यातले एक वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. त्यांचा साडूसुद्धा त्यांना मामाच म्हणायचा, आता बोला! एका बोळात तळमजल्यावर त्यांची लांबट खोली होती. आत शिरलं की आधी पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा वास नाकात जायचा, मग डोळ्यांना दिसायचं. कोपऱ्यात लाकडी दाब, भिंतीला पुठ्ठे टेकवलेले, मध्ये खोलीइतकंच लांब टेबल. गीतांची पुस्तकं, प्रश्नोत्तरीची पुस्तकं, पाळकसाहेबांचे, म्हणजे पाद्रीबुवांचे, जाडजूड ग्रंथ, जे फाटेल ते इथं यायचं. मामा शिवता शिवता वाचायचे. देवाची सार्वभौम सत्ता, त्यानं माणसाची आधीच केलेली निवड, माणसाशी केलेला करार, फुकट मिळणारी कृपा, सगळं त्या टेबलावर बसून त्यांनी पचवलं होतं. आणि पचलेलं आत ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी स्वतःच एक ग्रंथ लिहिला.

ग्रंथ चांगला होता हो. पण वाचणार कोण? दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत मामा त्यातलं वाचून दाखवायचे. पहिल्या बाकावर बटणआजी बसायच्या. त्यांचं बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं, म्हणून बटणआजी. मामांनी चष्मा पुसला की आजी डोळे मिटायच्या. मामांनी पान उलटलं की त्या घोरायला लागायच्या. मागचे निदान हाताचा आडोसा तरी करायचे. घरी येऊन मामा चिडचिड करत, तेव्हा मामी म्हणायच्या, "अहो, त्या बिचाऱ्यांना घरी झोप लागत नाही म्हणतात. तेवढं तरी पुण्य घ्या पदरात!"

"आपल्याकडे पुण्यानं काही होत नाही, ठाऊक आहे ना?" मामा गुरगुरायचे. "सगळी कृपा आहे."

"मग झोप ही पण कृपाच," असं म्हणून मामी आत जायच्या.

या मंडळीची एक रीत होती, आणि ती मामांनीच घालून दिलेली. कुणी कौतुक केलं की म्हणायचं, "माझं काही नाही, दिलेलं आहे." कुणी पडदे छान शिवले, कुणाची मुलगी परीक्षेत पहिली आली, कुणी गाणं बरं म्हटलं, की उत्तर ठरलेलं. सवय इतकी की एकदा कंपाउंडरनं एकाला भलतंच औषध दिलं, तो पोट धरून भांडायला आला, तर हा पठ्ठ्या हात जोडून म्हणाला, "माझं काही नाही, दिलेलं आहे!" तर अशी ती मंडळी. साहजिकच मामांच्या ग्रंथावर मामांचं नाव नव्हतं. नाव घालणं त्यांच्या शिकवणीत बसत नव्हतं. पण नाव नसलं तरी एखादं वाक्य ऐकताच लोकांनी ते मामांचं म्हणून ओळखावं, असं मनातून फार वाटायचं. ओळखत कुणीच नव्हतं, कारण मामांच्या माहितीत आजवर पहिल्या दहा पानांच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. थोड्या प्रती शिवून वाटल्या होत्या, बाकी ग्रंथाचे न शिवलेले फर्मे टेबलाच्या उजव्या टोकाला गठ्ठ्यागठ्ठ्यानं पडून होते. फर्मा म्हणजे मोठ्या तावाला घड्या घालून होणारी सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं.

आता साडूबुवा. मामींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बस चालवायचा. अंगानं गोल, हसरा, आणि बोलायला लागला की माणसं जेवण विसरायची. मामा त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहायचे. डेपोत गाडी लागेपर्यंत बाकावर बसून या गृहस्थानं एक पुस्तक लिहिलं. सिग्नलला थांबल्यावर प्रार्थना कशी करावी, उर्मट प्रवाशाला क्षमा कशी करावी, पावसात बंद पडलेल्या गाडीत देवावर भरवसा कसा ठेवावा, असलं रोजच्या विश्वासाचं. चार फर्म्यांचं चिटुकलं पुस्तक. आणि चर्चच्या नव्या इमारतीच्या वेळी घरोघरी एक पुस्तक भेट द्यायचं ठरलं, तेव्हा वडीलमंडळींच्या बैठकीत मामा मान खाली घालून, आपलं नाव कुणीतरी घेईल म्हणून वाट पाहत बसले असताना पाळकसाहेब म्हणाले, "मामांचा ग्रंथ थोर आहे, प्रश्नच नाही. पण घरोघरी द्यायला जरा हलकंफुलकं हवं. साडूबुवांचं देऊ. आणि शिलाई मामांची! तुमच्यासारखी बारीक शिलाई कुणाची आहे?"

सगळ्यांनी मामांकडे कौतुकानं पाहिलं. मामा म्हणाले, "माझं काही नाही, दिलेलं आहे." आणि घरी येऊन भरल्या ताटावरून उठले.

तर ते ताव आले. मामांनी घड्या घातल्या, फर्मे केले, टेबलावर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे गठ्ठे रचले. टेबलाच्या एका टोकापासून चालत जायचं, प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलायचा, टोकाला पोचेपर्यंत पुस्तक हातात. ही जुळणी. मामांचे हात हे काम झोपेतही करतील. पण त्या दिवशी मामांनी एक गाढवपणा केला. जुळणी करताना ते वाचायला लागले. चूक काढायला, दुसरं काय! दुसऱ्या फर्म्याचं शेवटचं पान उघडं होतं. त्यात एक म्हातारी पाऊस चुकवत बसमध्ये चढते, दोन्ही हातांत पिशव्या, धरायला हात मोकळा नाही, आणि तिच्याकडे बघून सगळ्या बसचं काळीज हलतं. मामांनी चूक शोधली. सापडेना. पुन्हा वाचलं. चूक सापडेना ते सापडेना, उलट म्हातारी डोळ्यांसमोरून हलेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मी आयुष्य घातलं," ते गठ्ठ्यांना ऐकवत होते, "एकेका शब्दासाठी जीव काढला, आणि हा बाकावर बसून पाय हलवत लिहितो! याला मिळावं? यानं केलं काय असं?"

कृपा लायकी बघून मिळत नाही, हे ज्यांनी उभा ग्रंथ लिहून सांगितलं, ते मामा असं म्हणत होते बरं का. आणि हे म्हणता म्हणता पाय चालत होते, हात उचलत होते. पहिला फर्मा, दुसरा फर्मा, आणि तिसऱ्याला हात जुन्या सवयीनं उजवीकडे, स्वतःच्या ग्रंथाच्या तिसऱ्या गठ्ठ्यावर. कागद तोच, छापखाना तोच, आकार तोच. आणि कुठल्याही पुस्तकाचा तिसरा फर्मा तेहतिसाव्या पानावरच सुरू होतो, त्यामुळे आकडेसुद्धा चोख जुळले. सगळी पुस्तकं अशीच शिवली गेली, कापली गेली, घरोघरी गेली.

पुढच्या रविवारी उपासना सुटली आणि चर्चच्या पायऱ्यांवर साडूबुवांभोवती ही गर्दी!

"काय लिहिलंय हो! ती बसमधली म्हातारी!" शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पिशव्या सावरत चढते काय आणि म्हणते काय, की माणसानं देवाला शोधलं नाही, देवच माणसाला शोधत आला. मी तर ढसाढसा रडले."

मामांचा पाय पायरीवरच थांबला. हे वाक्य त्यांचं होतं. त्यासाठी त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. दुसऱ्या फर्म्याच्या शेवटी म्हातारी तोंड उघडते, आणि पान उलटलं की मामांचा निवडीवरचा अध्याय! लोकांनी अख्खा अध्याय त्या म्हातारीच्या तोंडून ऐकला होता.

"आणि शेवट!" कंपाउंडर म्हणाला. "विश्वासणारा अखेरपर्यंत टिकतो तो स्वतःच्या पकडीमुळे नव्हे, तर वरच्या दांडीमुळे. दांडी भक्कम असेल तर उभ्याचा प्रवासही सुखाचा होतो. वा!"

पूर्वार्ध मामांचा, तिसऱ्या फर्म्याच्या तळाशी तुटलेला. दांडी साडूची. मामांच्या मूळ वाक्यात पुढे अडीच ओळींचं स्पष्टीकरण होतं. दांडी त्याहून बरी होती, आणि हे मामांना कळलं, तेच जास्त झोंबलं.

धावतपळत खोली गाठली. साडूचा तिसरा गठ्ठा तसाच्या तसा, स्वतःचा मात्र तळाला गेलेला. मामा स्टुलावर मटकन बसले. चूक कबूल करावी तर कारागिरीची अब्रू जाते. ती सोळा पानं माझी म्हणावं तर जन्मभराची शिकवण जाते. गप्प राहावं तर साडू मामांच्या वाक्यांवर मिरवतो. शेवटी मामींना सांगितलं, तर त्या हसून हसून बेजार झाल्या.

"हसतेस काय?"

"अहो, लोकांनी वाचलं ना शेवटी तुमचं!"

"त्याचं म्हणून वाचलं!" मामा ओरडले.

मिरवायचं म्हणाल, तर साडूबुवांनी मिरवलं नाही. पुढच्या रविवारी उपासनेच्या शेवटी ते उभे राहिले आणि मोकळेपणानं म्हणाले, "मधली सोळा पानं माझी नाहीत. मी ती लिहिलेली नाहीत."

पण झालं काय? सगळी मंडळी कौतुकानं एकमेकांकडे पाहायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, "बघा! हीच ती रीत. माझं काही नाही, दिलेलं आहे!"

"तसं नव्हे, खरंच माझी नाहीत!" साडूबुवा काकुळतीला आले.

"किती ती नम्रता," मागून कुणी हुंदका दिला.

मामांनीच घातलेली रीत, ती अशी फिरून त्यांच्याच टाळक्यात बसली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी साडूबुवा ड्यूटीच्या कपड्यांतच बाइंडिंगच्या खोलीत आले. मामा खळ ढवळत होते, मान वर केली नाही.

"मामा, ती पानं तुमची आहेत."

"कशावरून?"

"मी वाचलाय ना तुमचा ग्रंथ. डेपोत बसून. एकदा समजला नाही म्हणून पुन्हा वाचला."

मामांच्या हातातला ब्रश थांबला. आयुष्यभर ज्या एका वाचकाची वाट पाहिली तो शेवटी समोर उभा होता, आणि तो नेमका हाच निघावा! आनंद व्हावा तर मत्सर आडवा येतो, मत्सर करावा तर वाचक एकुलता एक.

"पूर्ण?" मामांनी विचारलं.

"पूर्ण. शेवटच्या अध्यायात जरा लांबण लागलीय."

"लांबण नाही, ते विवेचन आहे," मामा फणकारले. मग हळूच म्हणाले, "आणि तुमची सोळा पानं गेली त्याचं काय?"

"त्यात पंक्चरच्याच गोष्टी होत्या. जाऊ द्या."

एवढ्यात दारात बटणआजी. छातीशी ते चिटुकलं पुस्तक. "मामा, एवढं शिवून दे रे बाबा. मधली पानं निखळलीत."

मामांनी पुस्तक घेतलं. पहिली पानं कोरी करकरीत, शेवटची तशीच. मधली सोळा मात्र मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले, कडांना तेलकट बोटांचे ठसे. शिलाई वाचून वाचून सैल झाली होती. इतक्या वर्षांत असं फाटलेलं आपलं पान मामांनी कधी पाहिलं नव्हतं.

"रोज वाचते," आजी स्टुलावर टेकत म्हणाल्या. "दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती म्हातारी काढून बसते. साडूबुवा, तुमच्या हाताला काय गोडवा हो! नाहीतर हा आमचा मामा. शुक्रवारी वाचतो ते कानात शिरेपर्यंत डोळा लागतो माझा. तू या म्हातारीसारखं लिही रे कधीतरी!" आणि त्या पिशवीत चष्मा शोधायला लागल्या.

साडूबुवांचं तोंड लाल झालं. ते मामांच्या कानाशी वाकले. "मामा, आता तरी सांगून टाका. मी सांगितलं तर नम्रता ठरते. तुम्हीच सांगा, हे माझं आहे म्हणून."

मामांनी दोऱ्यावर मेण ओढलं, दाभण उचललं, ती मऊ पडलेली सोळा पानं गुडघ्यावर नीट बसवली. आजींकडे एकदा पाहिलं, साडूकडे तिरका डोळा टाकला, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सांगेन की! पण आधी त्यांचं वाचून होऊ द्या. माझं आहे म्हणून कळलं, तर त्यांना इथंच स्टुलावर झोप लागेल, आणि त्यांना घरी न्यायला तुमची बस काही या बोळात येत नाही."