आबांनी जुळवलेलं प्रकरण

युद्धाच्या त्या वर्षांत मी जळगावच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो आणि तिथल्याच एका साप्ताहिकात चंद्रावरच्या सफरीची गोष्ट लिहीत होतो. दर आठवड्याला एक प्रकरण. गोष्टीत एक आकाशयान होतं, त्याचा कडक कप्तान होता, सात खलाशी होते, आणि पृथ्वीवर एक मुख्य ठाणं होतं, जिथून बिनतारी यंत्रावर हुकूम यायचे. मुलांना हवा, उष्णता, गुरुत्वाकर्षण हे सगळं गोष्टीतून समजेल असा माझा भाबडा समज. मुलांनी ती फारशी वाचली नाही. वाचली ती दाणा बाजारातल्या गुमास्त्यांनी, टपाल कचेरीतल्या कारकुनांनी, आणि सगळ्यांच्या आधी आबांनी.

आबा म्हणजे प्रेसमधले कंपोझिटर. एकेक शिशाचा खिळा उचलून माझं अक्षर न् अक्षर तेच जुळवायचे. धुळ्याकडच्या खेड्यातले, पंचेचाळिशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. प्रेस एका मारवाडी शेटजींचा. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलं हा खरा धंदा, साप्ताहिक ही शेटजींची हौस. संपादक म्हणून नाव त्यांचं छापलं जायचं, पण अंकात काय आहे ते शेटजी अंक निघाल्यावर वाचत.

आबांना मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ होता, त्याला त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, लहानाचा मोठा केला होता. तो कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात मोटार चालवायला शिकला, मग लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि ब्रह्मदेशात गेला. रंगून पडल्यावर त्याचं पत्र आलं नाही. आबांच्या वतीने अर्ज मीच लिहायचो. उत्तर दर वेळी तेच असायचं, फक्त सही बदलायची: चौकशी चालू आहे, काही कळल्यास कळवण्यात येईल.

हे सगळं ठाऊक असून मी ते प्रकरण लिहिलं. सातांपैकी एक खलाशी चंद्रावरच्या खोल विवरात घसरून पडतो, त्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात थोडीच हवा उरते, आणि मुख्य ठाण्याकडून निरोप येतो की हुकूम येईपर्यंत कोणीही खाली उतरू नये. गोष्ट जरा सैल पडली होती, तिला ताण हवा होता, एवढंच माझ्या मनात होतं. आबांचा भाऊ मला आठवलाही नाही. आठवला असता तर मी ते लिहिलं नसतं, इतका मी सावध माणूस होतो.

पुढच्या आठवड्यापासून आबा हस्तलिखित न्यायला स्वतः घरी येऊ लागले. एरवी मी शाळेतून जाताना ते प्रेसवर टाकत असे. आता शाळा सुटून मी घरी पोचतो न पोचतो तोच ते ओट्यावर बसलेले दिसत.

"कप्तान काय करी राह्यना?" ते विचारायचे. एरवी माझ्याशी ते शहरी मराठी बोलत, या विषयावर मात्र त्यांच्या तोंडून घरची अहिराणीच निघे.

"हुकमाची वाट बघतोय."

"हुकूम कोन देई? जो तठे नही, तो?"

"आबा, यान लहान आहे. एकाला काढताना सहा जायचे."

"आणि हवा? ती थांबी का हुकूम येस तोवर?"

मी हसलो. मला खरं तर बरं वाटलं होतं. आपल्या लिहिण्याने कोणी इतकं अस्वस्थ व्हावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी मुद्दाम आणखी दोन प्रकरणं ताणली.

तिसऱ्याच्या वेळी कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. युद्धामुळे अंकातला मजकूर छापण्याआधी तिथे दाखवावा लागत असे. ते काम बघणारे अधिकारी आपल्यातलेच होते, वयस्क, सौम्य बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली.

"मास्तर, गोष्ट मी आवडीने वाचतो," ते म्हणाले. "पण एक माणूस मागे राहिलाय आणि वरचे लोक त्याला आणायला परवानगी देत नाहीत. लोक याचा काय अर्थ लावतील? इथल्या किती घरांतली माणसं तिकडे अडकलीत, तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, ही चंद्रावरची गोष्ट आहे."

"ते मला कळतं. माझ्या वरच्यांना कळायला हवं ना?" त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. "दोनच वाटा आहेत. हुकूम येऊ द्या आणि हुकमाने त्याला वर काढा. नाहीतर हुकूम यायच्या आधी तो गेला असं दाखवा. हुकूम मोडून कोणी खाली उतरला, हे मात्र छापता येणार नाही."

मी दुसरी वाट धरली. हुकूम येतो आणि सगळं गोड होतं, हे मला लेखक म्हणून खोटं वाटलं. आपण कलेशी प्रामाणिक राहिलो असं मी स्वतःला सांगितलं. खलाशाची हवा संपली, कप्तानाने टोपी काढली, यान पृथ्वीकडे वळलं. कचेरीचा शिक्का घेऊन ती पानं मी आबांच्या हातात दिली. त्यांनी ती तिथेच, खिळ्यांच्या खणांपाशी उभ्याउभ्या वाचली.

"तुम्हीन त्याले मारी टाकं?"

"आबा, इलाज नव्हता. साहेबांनी..."

"साहेबनी सांगं आणि तुम्हीन मारी टाकं." त्यांनी पानं नीट दुमडून खणाखाली ठेवली. मग एका लग्नपत्रिकेचे खिळे उचलायला लागले. मला वाटलं, रागावलेत, चार दिवसांत उतरेल. त्याच दिवशी मी मेव्हणीच्या लग्नासाठी सहकुटुंब धुळ्याला गेलो.

परतलो तेव्हा अंक निघालेला होता. स्टेशनातून बाहेर पडतानाच एका ओळखीच्या गुमास्त्याने माझा हात धरला. "मास्तर, काय लिहिलंय! आमच्या दुकानात दोनदा वाचून दाखवलं." मी त्याच्याकडून अंक घेतला आणि तिथेच वाचला.

ते माझं नव्हतं. आबांनी कागदावर काही न लिहिता थेट खिळ्यांतच ते जुळवलं असणार. यानात एक स्वयंपाकी होता, असं त्यात होतं. मी कधी स्वयंपाकी घातला नव्हता. त्याला कोणी काही विचारत नसे. त्याने कप्तानाला सांगितलं नाही, दोर कमरेला बांधला आणि विवरात उतरला. खाली खलाशी बसलेला होता. तो म्हणाला, उशीर केलास. स्वयंपाकी म्हणाला, तुझ्यासाठी भाकरी भाजत होतो. मग दोघांनी भाकरी खाल्ली आणि वर आले. कप्तान ओरडला, पण दोघांपैकी कोणी ऐकलं नाही. खाली माझं नाव.

चंद्रावर हवा नाही, तिथे भाकरी भाजता येत नाही, बोललेलं ऐकू येत नाही, हे मी आधीच्याच प्रकरणांत समजावून सांगितलं होतं. तरीही मी ते तिथेच दुसऱ्यांदा वाचलं. आणि मग कचेरीचा शिक्का आठवला.

बायकोला घरी धाडून मी प्रेसवर धावलो. आबा पाटावर बसून खिळे पुसत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. मी शाबासकी द्यायला आलोय असं त्यांना वाटलं होतं.

"तुमचंच नाव ठेवलं, मास्तर," ते म्हणाले. "गोष्ट तुमची. तुम्हाला धाक होता म्हणून अडली होती."

मी काय बोलणार होतो कोण जाणे. त्याच वेळी फौजदार, दोन शिपाई आणि कचेरीतले ते अधिकारी आत आले. शेटजी भिंतीला टेकून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी शिक्का मारलेली माझी पानं मागितली, आबांनी ती खणाखालून काढून दिली. अधिकाऱ्यांनी अंक आणि पानं शेजारी ठेवून वाचलं आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, छापलेलं तुम्ही लिहिलंय का?"

एकच शब्द सांगायचा होता; हो म्हटलं तरी खरं, नाही म्हटलं तरी खरं. नाव माझं, गोष्ट माझी, माणूस मी विवरात टाकलेला. हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. आबा मात्र सांगितलेलं जुळवणारे कामगार ठरून सुटले असते. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं, नंतर सुचलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मास्तर खरं बोलले, एवढंच त्यांना वाटलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "मी जुळवलं, साहेब. मास्तरांना माहीत नव्हतं."

प्रेसला कुलूप लागलं, ते पुन्हा उघडलं नाही. आबांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि धुळ्याच्या तुरुंगात नेलं. वहिनी जळगावातच एका खोलीत राहायच्या, एका व्यापाऱ्याकडे डाळ निवडायला जायच्या. माझी बायको त्यांना अधूनमधून काही नेऊन देई. मी जात नसे.

तीन महिन्यांनी वहिनी स्वतः माझ्या दारात आल्या. हातात लष्कराचा इंग्रजी कागद होता. मी वाचला आणि मराठीत सांगितला: बेपत्ता होता, आता मृत समजण्यात येत आहे.

वहिनी खाली बसल्या. कागदाची घडी करत म्हणाल्या, "त्यासले तुम्हीच सांगा. मना तोंडमाईन निघाव नही. तुमना शब्दवर त्यासना भरोसा शे."

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो. फाटकावरच्या कारकुनाने काय काम विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "अशी बातमी परस्पर देऊ नका. माणसं बिथरतात. आधी अर्ज करा, साहेब ठरवतील कधी सांगायचं ते." त्याने मला कोरा कागदही दिला. मी तो खिशात घातला.

आबांना आणलं. ते वाळले होते, चष्मा नव्हता. शिपाई चार हातांवर उभा होता. दोन शब्दांचं काम होतं. शिपायाने फार तर मला हाकललं असतं.

"मना भाऊनं काही समजनं का?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"अजून चौकशी चालू आहे, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "म्हणजे जित्ता शे," ते म्हणाले. "मरेल ऱ्हाता ते कागद धाडतात."

मी अर्ज केला नाही. सुटून घरी आले की घरच्या माणसांत सांगू, असं ठरवलं. आणि वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणालो, "सांगितलं. शांत राहिले." त्या रडल्या. मग त्यांनी माझ्या बायकोचे हात धरून मला आशीर्वाद दिला.

सुटकेच्या दिवशी मी जळगाव स्टेशनवर गेलो. धुळ्याची माणसं चाळीसगावला गाडी बदलून येत, त्या दोन्ही गाड्या बघितल्या. आबा उतरले नाहीत. वहिनींनी दोन दिवस स्वयंपाक करून ठेवला. आठव्या दिवशी त्या पोस्टकार्ड घेऊन आल्या. शिक्का कलकत्त्याचा होता.

मी मोठ्याने वाचू लागलो. आबांचं अक्षर छापल्यासारखं सुटं होतं. "मी सुखरूप आहे. घरी न येता इकडे आलो, रागावू नये. इथे रस्त्यावर माणसे उपाशी पडलेली असतात, बघवत नाही. एक ड्रायव्हर भेटला. तो म्हणतो, ब्रह्मदेशातून काही लोक जंगलातून चालत आसामात आले, त्यांतले काही अजून इस्पितळांत आहेत. मी तिकडे जातो." मी थांबलो.

"पुढे?" वहिनी म्हणाल्या.

"इतकंच आहे."

"नही. खाले अजून एक ओळ शे. माले वाचता येत नही, दिसतं तर शे."

मी वाचली. "मास्तरांनी सांगितले आहे की चौकशी अजून चालू आहे, तेव्हा तो आहेच."

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको उभी होती. ती आत निघून गेली. वहिनींनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. मला वाटलं, त्या शिव्या देतील. मी त्यासाठी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, "काबर?"

कारकुनाचं नाव सांगणार होतो, अर्जाचं सांगणार होतो. ते सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

मी कलकत्त्याला तार केली, आसामातल्या इस्पितळांना पत्रं लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तरं आली, अशा नावाची नोंद नाही. मी स्वतः मात्र गेलो नाही. रजा मिळण्यासारखी नव्हती, आणि मिळाली असती तरी गेलो असतो का, हे मी आता खात्रीने सांगू शकत नाही. युद्ध संपलं, तिकडची माणसं परत येऊ लागली. आमच्या आळीतला एकजण आला, यावलकडचे दोघे आले. आबा आले नाहीत. पुन्हा कार्डही आलं नाही.

मी गोष्टी लिहिणं सोडलं. त्यात त्याग काही नव्हता. कागद पुढे घेतला की कोणाला तरी कुठेतरी अडकवावं लागे, आणि मग त्याला बाहेर काढायचं धैर्य होत नसे.

स्वातंत्र्याच्या वर्षी गणपतीच्या आधी दाणा बाजारात वहिनी दिसल्या. कपाळावर कुंकू होतं. त्या तुरीची डाळ घेत होत्या. मी दोन पावलं पुढे झालो. त्यांनी मला पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "लवकर तोल रे भाऊ, माले जानं शे." डाळ पदरात घेऊन त्या गर्दीतून निघून गेल्या. दुकानदाराने मला विचारलं, काय देऊ. मी काहीतरी सांगितलं, आणि त्याने तोललेलं घेऊन घरी आलो.